बिनबांधाचें गांव

गेल्या मार्गशीर्षांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा गृहस्थ इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहरीं नोकरीस आहे. शाळेंत असतांना भूगोलाच्या तासाला तो हटकून खिडकीबाहेर पाहात बसे. आतां मात्र सुटी मिळाली कीं भोंवतालचीं खेडीं पायीं हिंडतो, आणि जें पाहिलें तें मला सविस्तर कळवितो. पत्राच्या मागोमाग त्यानें मोबाइलवर कांहीं छायाचित्रेंहि धाडलीं. त्यांतील एक चित्र असें होतें : तांबूस, ओल्या चिकणमातीचें एक अफाट शेत, त्यांत गव्हाचे बोटभर कोंब, आणि मध्यभागीं गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढविलेलीं दहाबारा माणसें गोळा झालेलीं. त्यांपैकीं एकजण मोठ्या हातोड्यानें एक लांकडी खुंटी जमिनींत ठोकीत आहे. खालीं ओळ होती, "गुरुजी, हे गांवचे पंच आहेत. मेर तपासीत आहेत."

तें चित्र मीं घरांत सर्वांस दाखविलें. नातवंडांनीं क्षणभर पाहून तें पुढें सरकविलें. आमच्या वडील वहिनींनीं मात्र चष्मा लावून बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, "भावोजी, एवढ्या मोठ्या शेताला बांध कसा हो नाहीं?"

प्रश्न मार्मिक होता. बांधापायीं आमच्या घराण्यानें काय भोगलें, तें वहिनींइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत माझा महिना गेला. जें हातीं लागलें तें या खेपेस वाचकांपुढें ठेवितों.

गांवाचें नांव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायर परगण्यांत, नेवार्क या बाजारपेठेच्या वायव्येस सुमारें दहा मैलांवर तें वसलेलें आहे. पश्चिमेस पांचसहा मैलांवर शेरवुडचें तें प्रसिद्ध अरण्य. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजानें १०८६ सालीं आपल्या राज्यांतील गांवांची जी मोठी नोंदवही करविली, तींत या गांवाचें नांव आहे. गांवाच्या उत्तरेस नॉर्मन सरदारांच्या गढीचा मातीचा उंचवटा दिसतो. गढी केव्हांच गेली, उंचवटा तेवढा राहिला. सेंट मायकेलच्या चर्चमध्यें ओकाच्या लांकडांत कोरलेली एका सरदारपत्नीची निद्रिस्त मूर्ति आहे, ती चवदाव्या शतकांतील. बाकी पाहावें तर एक लांब रस्ता, दुतर्फा विटांचीं घरें, घरांमागें गोठे, कोठारें व परसू, आणि एक खाणावळवजा मद्यगृह. एवढाच काय तो गांवाचा पसारा.

आपल्याकडील वाचकास यांत नवल वाटणार नाहीं. घरें गांवठाणांत आणि शेतें बाहेर, ही रीति आपल्यास जन्मापासून परिचित. परंतु इंग्लंडांत ती आतां दुर्मिळ झाली आहे. तेथें बहुतेक ठिकाणीं शेतकऱ्याचें घर त्याच्या स्वतःच्या जमिनीच्या मधोमध, शेजाऱ्यापासून दूर, काटेरी झाडांच्या कुंपणाआड असतें. लॅक्स्टनचे शेतकरी मात्र शेंकडों वर्षांमागें राहात तसेच आजहि एकमेकांच्या भिंतीस भिंत लावून राहातात, आणि सकाळीं एकाच रस्त्यानें शेतांकडे जातात. याचें कारण त्यांच्या शेतांच्या रचनेंत आहे.

गांवाभोंवतीं तीन मोठीं उघडीं शेतें आहेत : पश्चिमेचें, दक्षिणेचें आणि पवनचक्कीचें. चक्की आतां नाहीं, नांव राहिलें. या तिन्ही शेतांचें मिळून क्षेत्र पांचशे एकरांच्या आसपास भरतें. पूर्वीं तें याहून पुष्कळच मोठें होतें. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत विभागलेलें, आणि एका शेतकऱ्याच्या पट्ट्या एके ठिकाणीं नसून तिन्ही शेतांत विखुरलेल्या. दोन पट्ट्यांमध्यें ना कुंपण, ना बांध. नांगराच्या शेवटच्या तासाची सरी हीच काय ती मेर. पट्टी लांबट कां, याचेंहि उत्तर नांगरांतच आहे. बैलांचें औत एका दमांत जेवढें तास ओढी, तेवढी पट्टीची लांबी. मैलाचे आठ फर्लांग आपण लहानपणीं पाठ केले. त्या 'फर्लांग' शब्दाचा मूळ अर्थच मुळीं 'तासाची लांबी' असा आहे. एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद जमीन ती एक एकर. आम्हां शिक्षकांनीं इतकीं वर्षें हीं कोष्टकें मुलांकडून घोकून घेतलीं, पण त्यांच्या पाठीमागें एक दमलेला बैल उभा आहे, हें कोणास सांगितलें नाहीं.

पट्ट्या विखुरलेल्या कां, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. गांवची जमीन सगळीकडे सारखी नसते. कोठें निचऱ्याची, कोठें पाणथळ. कोठें उताराची, कोठें सखल. एकास सगळी चांगली व दुसऱ्यास सगळी वाईट, असें होऊं नये म्हणून प्रत्येकास प्रत्येक प्रकारच्या जमिनींतील थोडा थोडा वांटा. एका बाजूस पीक बुडालें तर दुसऱ्या बाजूस तरतें. आपल्याकडे वांटणीच्या वेळीं वडील मंडळी हेंच करीत. प्रत्येक शेताचे उभे तुकडे पाडून प्रत्येक भावास प्रत्येकांतील एकेक देत. हेतु एकच, परिणाम मात्र निराळा झाला. तो कां, तें पुढें पाहूं.

तीन शेतांचा पिकांचा फेरा ठरलेला आहे. एका शेतांत हिवाळी गहूं; दुसऱ्यांत वसंतांत पेरलेला जव किंवा अन्य पीक; तिसरें पूर्वीं पडीक ठेवीत, हल्लीं तेथें गवत वा वैरणीचें पीक घेतात. दुसऱ्या वर्षीं हा फेरा एका घरानें पुढें सरकतो. कोणा एकास गव्हाच्या शेतांत दुसरेंच कांहीं पेरण्याची लहर आली, तर ती चालत नाहीं. शेतांच्या मधून वाहळांच्या कांठानें गवताळ, पाणथळ पट्टे गेले आहेत; त्यांस तेथें 'साइक' म्हणतात. त्यांस नांगर कधीं लागलाच नाहीं. म्हणून अन्यत्र नाहींशीं झालेलीं रानफुलें तेथें आजहि फुलतात. दर उन्हाळ्यांत त्या गवताचा लिलाव होतो.

या साऱ्या व्यवस्थेचें एक जुनें चित्र उपलब्ध आहे, आणि त्याची हकीकत मोठी कौतुकाची आहे. १६३५ सालीं या गांवचा मालक सर विल्यम कोर्टेन नांवाचा लंडनचा धनाढ्य व्यापारी होता. त्यानें मार्क पियर्स या मोजणीदाराकडून साऱ्या गांवाचा नकाशा काढविला. त्यांत एकूणएक पट्टी दाखविली असून, ती कोणाकडे आहे हें सोबतच्या वहींत लिहिलें आहे. मधून मधून नांगर धरलेले कुणबी, कापणी करणारीं माणसें, शिकारी व कुत्रे यांचीं चिमुकलीं चित्रें काढलीं आहेत. हा नकाशा ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलीयन ग्रंथालयांत जपून ठेविला आहे. आतां आपल्याशीं संबंध असा : त्याच १६३५ सालाच्या अखेरीस पहिल्या चार्ल्स राजानें ईस्ट इंडिया कंपनीचा एकाधिकार डावलून याच कोर्टेनच्या मंडळीस पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली. कोर्टेन पुढच्याच वर्षीं वारला. परंतु त्याच वर्षीं त्या मंडळीचीं गलबतें गोव्याच्या बंदरांत येऊन दाखल झालीं, आणि पुढें कारवारास तिची वखार पडली. ज्या माणसाच्या नोंदींत लॅक्स्टनच्या एका कुणब्याची अर्धा एकराची पट्टी होती, त्याच्याच पैशानें आमच्या किनाऱ्यावर मिरीचा सौदा झाला. इतिहासाचे धागे कोठून कोठें जातात, तें पाहावें.

आतां त्या छायाचित्रांतील पंचांकडे वळूं.

शेंकडों वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील प्रत्येक जहागिरीस आपलें ग्रामन्यायालय असे. त्यास 'कोर्ट लीट' म्हणत. लॅक्स्टनचें हें न्यायालय आजहि भरतें. शेतकऱ्यांतून दरवर्षीं बारा पंच निवडून त्यांस शपथ दिली जाते. नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस, गव्हाची पेरणी आटोपल्यावर, हे पंच त्या वर्षींच्या गव्हाच्या शेतावर जातात. रस्त्याच्या आणि साइकांच्या कडेस प्रत्येक पट्टीची हद्द कोठवर आहे तें पाहून खुंट्या ठोकतात. कोणी नांगरतां नांगरतां रस्त्यावर वा सामाईक गवतावर अतिक्रमण केलें असेल, चर बुजूं दिला असेल, वाटेंत अडथळा ठेविला असेल, तर त्याचें नांव टिपून घेतात. नंतर सर्वजण मद्यगृहांत एकत्र जेवतात. आठवड्यानें न्यायालय भरतें. जहागीरदाराचा कारभारी अध्यक्षस्थानीं बसतो. दंड ठरतात, पुढील वर्षाचे पंच नेमले जातात, आणि सभा संपते. १९७७ सालच्या एका कायद्यानें इंग्लंडांतील असल्या जुन्या न्यायालयांपैकीं बहुतेकांचे अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनचें न्यायालय मात्र आपल्या शेतांपुरतें काम पूर्ववत् चालवीत राहिलें.

दंडाची रक्कम थोडे पौंड. आजच्या काळीं ती हास्यास्पदच. माझ्या विद्यार्थ्यानें एका वृद्ध शेतकऱ्यास विचारलें, "एवढ्याशा दंडानें कोणास धाक बसतो?" तो म्हणाला, "दंड पैशांचा नसतो. ज्यांच्यासमोर नांव वाचलें जातें, त्यांच्याच शेजारीं बसून जेवायचें असतें." शिवाय आणखी एक गोष्ट आहे. यंदा जो पंच, तो पुढें आरोपी असूं शकतो. आणि यंदाचा आरोपी कालांतरानें पंच. हातोडा सर्वांच्या हातीं आळीपाळीनें येतो. त्यामुळें कोणी फार कडक होत नाहीं, आणि कोणी फार सैलहि होत नाहीं.

हें एकच गांव असें कसें राहिलें? एके काळीं मध्य इंग्लंडांतील हजारों गांवें अशींच होतीं. परंतु विशेषतः १७५० पासून १८५० पर्यंतच्या शंभर वर्षांत पार्लमेंटनें सुमारें चार हजार कायदे करून हीं उघडीं शेतें व सामाईक रानें मोडलीं, आणि त्यांचे एकवट तुकडे करून मालकांच्या स्वाधीन केले. इंग्लंडच्या एकूण भूमीपैकीं जवळजवळ एक पंचमांश भाग या कायद्यांखालीं आला. या गोष्टीच्या दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. कुंपणाच्या शेतांत नवें बीं, नवा फेरा, उत्तम पैदाशीचीं गुरें, पाण्याचा निचरा, हें सर्व साधलें, धान्य वाढलें, वाढत्या शहरांस अन्न मिळालें. परंतु ज्या गरिबाच्या नांवावर जमीन नव्हती, केवळ वहिवाटीच्या हक्कानें एक गाय चारावयाची, चार हंस पाळावयाचे, सरपण गोळा करावयाचें, त्याचा तो आधार गेला. तो नुसत्या रोजमजुरीवर आला. आणि मजुरी नसेल त्या दिवशीं सरकारी भिक्षेवर.

या दुसऱ्या बाजूचें स्मारक लॅक्स्टनपासून आठदहा मैलांवरच उभें आहे. साउथवेल या गांवीं एक भव्य प्राचीन चर्च आहे. त्याच्या एका दालनांतील दगडी खांबांवर तेराव्या शतकांतील कारागिरांनीं ओक, द्राक्ष, हॉथॉर्न यांचीं पानें इतकीं हुबेहूब कोरलीं आहेत कीं, वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तीं ओळखावींत. त्याच गांवाच्या सीमेवर १८२४ सालीं बांधलेलें दरिद्रालय आहे. जॉन बेचर नांवाच्या धर्मोपदेशकानें तें मोठ्या शिस्तीनें बांधविलें. आंत येणाऱ्या कुटुंबांतील पुरुष एका भागांत, स्त्री दुसऱ्या, आणि मुलें तिसऱ्या. मध्यें उंच भिंती. सुदृढ माणसास आंत येण्याची लाज वाटावी, हाच हेतु होता. १८३४ सालीं साऱ्या देशासाठीं जो दारिद्र्यविषयक कायदा झाला, त्यास नमुना म्हणून या संस्थेकडे बोट दाखविण्यांत आलें. शेतावरचीं कुंपणें आणि घरामधल्या या भिंती यांचा संबंध अगदीं सरळ आहे असें मी म्हणत नाहीं. दारिद्र्याचीं इतरहि कारणें होतीं. तथापि एकाच पिढीनें दोन्ही उभारिल्या, हें विसरूं नये.

लॅक्स्टन वांचलें तें कांहीं कोणाच्या तत्त्वनिष्ठेमुळें नव्हे, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. गांवांत अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो असे दोन मोठे जमीनदार होते, आणि कुंपणाच्या अटींवर त्यांचें वर्षानुवर्षें एकमत होईना. दोन बड्यांच्या भांडणांत गरिबांची रीति वांचली! पुढें मार्ग मोकळा झाला तोंवर शेतीस वाईट दिवस आले, आणि एवढा खर्च करण्याची कोणास हौस राहिली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं पट्ट्या थोड्या एकत्र करून मोठ्या केल्या, इतकेंच. तोंवर विद्वानांचें लक्ष तिकडे गेलें होतें. ऑर्विन दंपतीनें १९३८ सालीं या शेतांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. १९५२ सालीं अर्ल मॅनव्हर्सनें गांवाची जमीन विकावयास काढली, तेव्हां ही व्यवस्था मोडूं नये म्हणून ब्रिटिश सरकारच्या शेतकी खात्यानें ती विकत घेतली. १९८१ सालीं ती राजसत्तेच्या मालमत्ताखात्याकडे गेली. आणि २०२० सालीं पुन्हां त्या जुन्या मॅनव्हर्स घराण्याच्याच थोर्सबी जहागिरीकडे. मालक बदलले, पंचांची खुंटी ठोकण्याची तारीख बदलली नाहीं.

आजूबाजूच्या मुलुखांत मात्र पुष्कळ बदल झाला. शेजारच्या ऑलर्टन गांवीं १९२० च्या सुमारास कोळशाची खोल खाण खणूं लागले. तीभोंवतीं नवें गांव वसलें. १९९४ सालीं ती खाण बंद झाली. थोर्सबीची खाण २०१५ पर्यंत टिकली. चार मैलांवरच्या ईकरिंग गांवीं १९३९ सालीं खनिज तेल सांपडलें; १९४३ सालीं महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत अमेरिकेच्या ओक्लाहोमा प्रांतांतून ४२ कामगार गुपचूप आणून तेथें वर्षभरांत शंभरांवर विहिरी पाडल्या. आज त्या ठिकाणीं राखीव रान असून पक्षी गातात.

ईकरिंगचीच एक जुनी गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. १६६५ सालीं डार्बीशायरमधील ईम या डोंगरी गांवांत प्लेग शिरला. तेथील धर्मोपदेशक विल्यम मोंपेसन यानें गांवकऱ्यांचें मन वळविलें कीं, पळून जाऊन रोग इतरांस देऊं नये; गांवाभोंवतीं एक मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडूं नये. त्या मर्यादेवरच्या दगडांपाशीं बाहेरचे लोक अन्न ठेवीत, व गांवकरी त्याचे पैसे व्हिनेगारमध्यें बुडवून ठेवीत. चवदा महिन्यांत अडीचशेंहून अधिक माणसें दगावलीं. मोंपेसनची पत्नीहि गेली. पण मर्यादा राहिली. पुढें १६७० मध्यें याच मोंपेसनची नेमणूक ईकरिंगास झाली, तेव्हां तेथील लोक त्याच्या वाऱ्यासहि उभे राहीनात! प्रथम प्रथम तो गांवाबाहेर एका ॲश वृक्षाखालीं उभा राहून उपदेश करी, अशी तेथें परंपरा आहे; त्या जागीं आज दगडी क्रूस आहे. पुण्याच्या १८९७ च्या प्लेगच्या गोष्टी ज्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या, आणि २०२० सालीं ज्यांनीं स्वतः दारें लावून घेतलीं, त्यांस हें भय समजेल. मर्यादा पाळणारा माणूस आपल्यास पूज्य वाटतो. पण तो आपल्या गल्लींत राहावयास आला म्हणजे आपली परीक्षा होते.

असो. आतां वहिनींच्या प्रश्नाकडे येतों. बांध नसून तेथें तंटे कां होत नाहींत, आणि बांध असून आपल्याकडे कां होतात?

शेतांचे तुकडे आपल्याकडेहि झाले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर गांवाची पाहणी करून १९१७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ सालीं तेथें सरासरी चाळीस एकरांची असलेली जमीन १९१४ च्या सुमारास सात एकरांवर आली, असें त्यांत दाखविलें आहे. १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदीचा कायदाहि केला. पुष्कळांस वाटतें कीं सारा दोष तुकड्यांचा. पण लॅक्स्टन पाहतां तसें वाटत नाहीं. तुकडे तेथेंहि होते, आणि सहा-सातशे वर्षें होते. भेद दोन. एक तर तेथील बहुतेक शेतकरी कुळें आहेत. शेत एकाकडून एकाकडे जातें, चार मुलांत चिरलें जात नाहीं. ही सोय आपण घेऊं शकत नाहीं, आणि तिची किंमत तेथील धाकट्या मुलांनीं पिढ्यान् पिढ्या परागंदा होऊन दिली आहे. परंतु दुसरा भेद घेण्याजोगा आहे. तेथें वांटणी झाल्यावर काम संपलें असें कोणी मानीत नाहीं. दरवर्षीं सर्वांनीं मिळून शेतावर जावयाचें आणि मेर पाहावयाची, हा त्या वांटणीचाच भाग.

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक नव्हतें असें नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत सीमाविवाद हें एक स्वतंत्र पद आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर असे वृक्ष लावावे. शिवाय जमिनीखालीं दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे अशा लवकर न कुजणाऱ्या वस्तु गुप्त पुराव्या. तंटा झाल्यास ज्येष्ठ महिन्यांत, जेव्हां खुणा उघड्या दिसतात तेव्हां, निर्णय करावा. साक्षीदारांनीं तांबडीं वस्त्रें नेसून, माळा घालून, मस्तकावर माती घेऊन सांगावें, असा तेथें विधि आहे. मीं हें प्रकरण विद्यार्थ्यांस पुष्कळ वेळां शिकविलें. डोक्यावर माती घेऊन बोलणें म्हणजे काय, हें मात्र मला बाराव्या वर्षींच कळावयास हवें होतें.

आमची वडिलोपार्जित जमीन माझे वडील आणि धाकटे काका यांच्यांत वांटली गेली, तेव्हां मोठ्या मळ्याचे दोन उभे भाग झाले. मध्यें बांध घातला, आणि बांधाच्या दोन्ही टोकांस दगड पुरले. पहिलीं दोन वर्षें दोन्ही घरचीं माणसें तेथेंच एकत्र भाकरी खात. पुढें विहिरीच्या पाण्यावरून बोलणें कमी झालें. त्या वर्षीं मृगाच्या आधीं, एका भल्या सकाळीं, मी न्याहारी घेऊन मळ्यांत गेलों असतां आमचा गडी वरच्या टोकाचा दगड उपटून हातभर पलीकडे रोवीत होता. वडील शेजारीं उभे होते. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मला कांहीं म्हणाले नाहींत. मीहि कांहीं बोललों नाहीं.

काकांनीं फिर्याद केली. नऊ वर्षें तारखा पडल्या. मी कॉलेजाची फी मागितली तेव्हां ती वकिलास गेलेली होती. म्हणून मी मॅट्रिकवरच मास्तर झालों, असें मी लोकांस सांगत आलों. तें खरेंच आहे, पण अर्धें. उरलेलें अर्धें हें कीं, मी एक वाक्य उच्चारलें असतें तर तो दावा नऊ दिवसहि चालला नसता. अखेरीस वडील जिंकले. त्यानंतर दोन वर्षांत कर्जापायीं दोन्ही भाग विकावे लागले. आज त्या मळ्यांत बंगल्यांची वसाहत आहे, आणि तो हातभर बांध कोणाच्या तरी मोटारीखालीं आहे. काका आमच्या घरीं पुन्हां आले नाहींत. ते गेले तेव्हां मी खांदा दिला, एवढेंच.

वडिलांविषयीं मनांत राग नाहीं. ते अन्यथा सत्यवचनी होते. शाळेच्या पैचाहि हिशेब चुकूं देत नसत. त्या सकाळीं त्यांच्याजवळ एकच माणूस होता, तो त्यांचा पगारी. आणि एक मूल होतें, तें भ्यालेलें. त्या दिवशीं तेथें बारा माणसें रबरी बूट घालून हिंडत असतीं, तर वडिलांच्या मनांत ती गोष्ट आलीच नसती, असें मला आतां वाटतें. चांगल्या माणसासहि शेजारी लागतो. मोह टाळावयास सद्गुणापेक्षां सोबत अधिक उपयोगी पडते.

हें सर्व मीं त्या रात्रीं वहिनींस सांगितलें. इतक्या वर्षांत प्रथमच. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतें, भावोजी. सासूबाईंनीं जातांना सांगितलें होतें. तुम्ही केव्हां सांगतां याची वाट पाहात होतें." आणि उठून देवापाशीं दिवा लावावयास गेल्या.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां शेत उरलेलें नसेल. सदनिका असेल, गांवचें जुनें घर असेल, बँकेंतील ठेव असेल, नाहींतर नुसते आईचे दागिने असतील. बांध सर्वत्र असतात. ते दिसत नाहींत इतकेंच. माझी सूचना लहानशी आहे. वडील माणसें हिंडतीं फिरतीं आहेत तोंवर वर्षांतून एक दिवस ठरवावा. दोन्ही घरच्या मंडळींनीं, मुलांसकट, एकत्र जमावें. काय कोणाचें, कोठवर कोणाचें, हें मोठ्यानें वाचावें. चुकलें असेल तें तेथल्या तेथें सांगावें. ज्यानें चुकविलें त्यास पान-सुपारीइतका दंड करावा. आणि मग सर्वांनीं एका पंक्तीस बसावें. मुलांस मुद्दाम जवळ बसवावें, आणि त्यांनीं कांहीं पाहिलें असेल तर तें विचारावें.

माझा धाकटा चुलतभाऊ, काकांचा मुलगा, नाशकास असतो. पत्रव्यवहार बंद होता. या अक्षय्यतृतीयेस त्यास सहकुटुंब जेवावयास बोलाविलें आहे. तो येतो किंवा नाहीं, तें पुढील अंकीं कळवीन.